कोवळ्या तुऱ्याचं तेल

धुळ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचं नाव बेबाबाई आहे, याचं नव्या पोरांना आठवडाभर हसू येई. मग बाई प्रयोगाच्या वह्या तपासायला बसत, अर्ध्या वर्गाला 'पुन्हा करा' म्हणून परत पाठवत, आणि हसणं आपोआप थांबे. अंदाजपंचे काढलेला आकडा बाईंना चालत नसे. तिशी उलटली तरी लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल कोणी चौकशी केली की तोंडावर म्हणत, "तुम्हाला दुसरं काही काम नाही का?" घरी मात्र ती नुसती बेबा, हिलालआबांची थोरली पोर.

अशा पोरीच्या बापावर भेसळीचा आळ यावा, आता याला काय म्हणायचं!

झालं असं. दोंडाईच्याहून आत गेलं की खडकवण नावाचं गाव लागतं. नावाप्रमाणे निम्मं रान खडकाळ, पण त्या खडकावर रोशा गवत माजतं. कोणी त्याला तिखाडी म्हणतात. हातात चुरगळलं की गुलाबासारखा वास येतो, आणि वाफवलं की तेल सुटतं. अत्तरवाले, साबणवाले ते तेल घेतात. पूर्वी ठेकेदार यायचे आणि गवत उचलून न्यायचे. मग गावाने सोसायटी काढली आणि स्वतःची भट्टी घातली: मोठं पिंप, पिंपात गवत, खाली जाळ, वरून नळी, नळी गार पाण्याच्या हौदातून, आणि शेवटाला तेल. भट्टी सांभाळायचं काम सगळ्यांनी एकमताने हिलालआबांच्या गळ्यात घातलं. बैल विकताना आधी बैलाची खोड सांगणारा माणूस, दुसऱ्या कोणाकडे किल्ली देणार?

भट्टी आल्यापासूनचा नव्वद सालचा दसरा हा तिसरा. दसऱ्यानंतर तेल निघालं, डबे दोंडाईच्याला मगनशेठच्या पेढीवर गेले, शेठने नमुना मुंबईला पाठवला आणि तिकडून फोन आला: तेलात गुलाबाचा वास देणारं जिरॅनिऑल कमी भरतंय आणि एस्टर नावाचं काहीतरी दुपटीच्या वर गेलंय. माल नापास. मगनशेठ तसा वाईट माणूस नाही, पण जिभेला हाड नाही त्याच्या. भर बाजारात बोलून गेला, "आबा, पहिल्या साली माल चोख दिला. आता हात शिवशिवले का? कसला स्वस्तातला वास ओतलात डब्यात?"

बाजारातलं बोलणं गावात पोहोचायला कितीसा वेळ लागतो? डबे कोणाच्या ताब्यात? आबांच्या. किल्ली कोणाकडे? आबांकडे. मग दुसरं कोण असणार! कालपर्यंत हाक मारून चहा पाजणारी माणसं आता आबा दिसले की बोलणं बदलू लागली. सोसायटीचे चेअरमन जीवरामभाऊ यांनी येत्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भट्टीवरच बैठक ठेवली. तोवर खुलासा झाला नाही तर भट्टी दुसऱ्याच्या हाती द्यायची, असं ठरलं. आता भट्टी काय, गेली तर गेली. पण ती काढून घेतली म्हणजे हिलालआबा चोर, हे गावाने मान्य केल्यासारखं होतं, आणि खेड्यात एकदा चिकटलेलं नाव माणूस मेला तरी सुटत नाही.

बेबा दिवाळीच्या सुट्टीला घरी आली तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. दाढी वाढलेली, नजर कुठेतरी लांब. आतून आई, भिकुबाई, म्हणाली, "दोन दिन व्हयनात, धड जेवनात नहीत." मग रडत रडत सगळं सांगितलं.

बेबाने पिशवी खाली ठेवली आणि उभ्याउभ्याच विचारलं, "आबा, तुम्ही तेलमा काही मिसळेल शे का?"

भिकुबाईच्या हातातलं पातेलं आदळलं. "बापले असं इचारतस का वं? लाज नही?"

आबा चिडले नाहीत. पोरीकडे सरळ बघत म्हणाले, "नही. पन मन्हा सांगावर जाऊ नको. तुन्हा काचना भांडासमा दख. खोटं निंघनं ते बठ्ठा गावना पुढे खोटं सांग."

"जे निंघी तेच सांगसू," बेबा म्हणाली. "मंग माले बोल लावानं नही."

आबांनी मान हलवली. कर नाही त्याला डर कशाला, असं आपण म्हणतो खरं. पण पोरीलाच तपासायला बसवायचं म्हणजे छाती लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मगनशेठच्या पेढीवर हजर. शेठला एक चांगली सवय होती, प्रत्येक सालच्या मालाची लहानशी बाटली चिठ्ठी लावून तो फळीवर ठेवी. बेबाने तिन्ही सालच्या बाटल्यांतलं थोडं थोडं तेल मागितलं.

शेठ हसला. "ताई, मुंबईच्या लॅबपेक्षा तुमचं कॉलेज मोठं लागून गेलं का?"

"मोठं नाही. पण तेलात काय आहे तेवढंच मुंबईने सांगितलं, शेठ. ते आलं कुठून, हे सांगितलं नाही. ते न विचारताच तुम्ही माझ्या बापाला चोर म्हणून मोकळे झालात."

शेठने फळीवरच्या तिन्ही बाटल्या उतरवल्या आणि गुपचूप तेल काढून दिलं.

सुट्टीत कॉलेजची प्रयोगशाळा ओस पडलेली. बेबाने चावी मागून घेतली, पदर खोचला आणि कामाला लागली. एस्टर मोजायची रीत जुनीच आहे: तेलात मोजून पोटॅश टाकायचं, उकळायचं, आणि एस्टरने किती पोटॅश खाल्लं ते आम्लाचे थेंब सोडून बघायचं. गुलाबी रंग गेला की थांबायचं. प्रत्येक बाटलीचं तिने तीन-तीनदा केलं. पहिल्या सालचं तेल झकास. दुसऱ्या साली एस्टर वाढलेलं, पण चालण्याजोगं. यंदाचं मात्र पार चढलेलं. मुंबईवाले खोटं बोलत नव्हते.

बेबा स्टुलावर बसली. चोरी करणारा तरी काय करतो? आधी चमचाभर टाकून बघतो, पचलं की वाटीभर टाकतो. तीन सालांचे आकडे नेमके तसेच चढत गेले होते. आपला बाप असं करणार नाही, असं मन ओरडून सांगत होतं. पण मनाचं ऐकायचं तर वर्गात पोरांच्या वह्या कशाला परत करायच्या? भीती वाटली तिला, खरीखुरी भीती. तरी ती उठली, भांडी धुतली आणि जळगावची एस.टी. पकडली.

जळगावला तिची एम.एस्सी.ची मैत्रीण कुंदा एका कारखान्यात केमिस्ट होती. तिथे गॅस क्रोमॅटोग्राफ होता. हे यंत्र तेलाची वाफ एका लांबलचक नळीतून पळवतं. त्यातले घटक एकामागून एक बाहेर पडतात, आणि प्रत्येकाचा एक डोंगर कागदावर पेनने काढला जातो. कुंदाने साहेबाला पटवलं आणि जेवणाच्या सुट्टीत तिन्ही तेलं एकामागून एक चढवली. दोघी कागदाकडे डोळे लावून बसल्या.

"रॉकेल नाही," कुंदा म्हणाली. "टर्पेंटाइन नाही. परकं काहीच नाही गं. हा जिरॅनिऑलचा डोंगर, तो दर साली बुटका होत गेलाय. आणि हा शेजारी जिरॅनिल ॲसिटेटचा, तो वाढत गेलाय. तुझं एस्टर ते हेच."

"ते तर रोशात असतंच."

"असतं. पण बाटलीतही विकत मिळतं, बेबा. कोणी ओतलं नसेल कशावरून?"

बेबाला राग यावा म्हणून कुंदा बोलली नव्हती. चांगला केमिस्ट तेच विचारणार. प्रश्न आता एवढाच उरला होता: हे गवतातून आलं, की बाटलीतून?

परतीच्या एस.टी.त बेबा खिडकीशी बसली. शेत तेच, भट्टी तीच, माणूस तोच. मग दर साली बदललं काय? मागच्या बाकावर दोन बायका फराळाचं बोलत होत्या. एक म्हणाली, "यंदा किती लवकर आली बाई दिवाळी! घरात नवं धान्यसुद्धा नाही." दुसरी म्हणाली, "पुढल्या साली धोंड्याचा महिना ना. त्याच्या आधी सगळे सण अलीकडे सरकतात. जावयाचा खर्च मात्र पुढे आ वासून बसलाय!"

बेबा ताडकन सरळ झाली. दसरा!

खडकवणात रिवाज असा: रोशाला विळा लागतो तो दसऱ्याच्याच दिवशी. आधी नाही आणि नंतरही नाही. पहिला विळा टाकायचा मान आबांच्या घराण्याचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा. आता दसरा चालतो तिथीने. दर साली दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातो. भट्टीच्या पहिल्या साली दसरा ऑक्टोबर अर्धा उलटल्यावर होता, दुसऱ्या साली त्याच्या अलीकडे, यंदा तर सप्टेंबरातच. गवताला कुठे पंचांग कळतं? ते आपलं ऊन-पाणी बघून तुरा काढतं. पहिल्या साली तुरा उमलून तांबूस झाला होता. यंदा तो पुरता उमललाही नव्हता. ठेकेदार गवत न्यायचे तेव्हा तेल मोजून बघणारं कोणी नव्हतं, म्हणून इतकी वर्षं कोणाला पत्ता लागला नाही.

आणि मग तिला ते आठवलं. यंदा दसऱ्याला ती तिथेच होती. आबा विळ्याला हळद-कुंकू लावत होते, तेव्हा शेजारच्या शेताचे अभिमनकाका म्हणाले होते, "हिलालआबा, तुरा कवळा शे. आठ रोज थांबूत." आबांनी मिशीवर हात फिरवला होता. "दसरा थांबस का कोनाकरता?" सगळे खो-खो हसले होते. बेबाही हसली होती.

पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. पुराव्याला न कापलेला रोशा हवा, आणि तो कुठे मिळणार? गावात पुन्हा पाय ठेवल्यावर तिने पहिली चौकशी हीच केली. वच्छलाबाईच्या शेतात होता! वच्छलाबाईचे सासरे दसऱ्याच्या तोंडावर वारले, सुतकात विळा धरता आला नाही, आणि मग दिवाळी होऊ दे म्हणून त्यांनी गवत तसंच ठेवलं होतं. बेबा आईला घेऊन थेट त्या शेतात गेली. बहुतेक तुरे उमलून तांबूस झाले होते, पण ओहोळाच्या काठी, सावलीत अजून कितीतरी कोवळे, मिटलेले होते. वच्छलाबाईलाही हाताशी घेऊन तिघींनी तुरे खुडले आणि तीन ढीग केले: मिटलेले, अर्धे उमललेले, दाणा भरलेले. भिकुबाईला नक्की काय चाललंय ते कळत नव्हतं. पण पोरीने चुकून कोवळा तुरा पिकल्या ढिगात टाकला की ती बरोबर हात धरी.

"अशी कशी प्रोफेसर वं तू?" ती म्हणाली. दहा दिवसांत त्या घरातलं कोणी पहिल्यांदाच थट्टेने बोललं होतं.

ज्या दिवशी धुळ्यात घराघरांत लक्ष्मीपूजनाची गडबड चालली होती, त्या दिवशी बेबा प्रयोगशाळेत काचेच्या चंबूत रोशाचे तुरे उकळत बसली होती. काचेची लहान भट्टीच ती. थेंब थेंब तेल वर जमतं, तेवढंच जपून काढायचं. तीन ढिगांची तीन तेलं. मग पुन्हा पोटॅश, पुन्हा उकळणं, पुन्हा गुलाबी रंग जाईस्तोवर थेंब. बाहेर फटाके फुटत होते, आणि इकडे पुरावा असा स्वच्छ निघाला की तिला हसू फुटलं. मिटलेल्या तुऱ्याच्या तेलात एस्टर यंदाच्या नापास डब्यांइतकंच चढलेलं. अर्ध्या उमललेल्याचं त्याहून कमी. दाणा भरलेल्याचं तेल भट्टीच्या पहिल्या सालासारखं चोख. गवतच तुरा पिकता पिकता एस्टर कमी करतं आणि जिरॅनिऑल वाढवतं. कोणी काही ओतलं नव्हतं. आबा सुटले होते!

तिने बाटल्या कपड्यात गुंडाळल्या आणि मगच तिच्या ध्यानात आलं की आबा सुटले ते अर्धेच. तेलात भेसळ नाही, मग ते खराब का झालं? कोवळं कापलं म्हणून. कोवळं कोणी कापायला लावलं? अभिमनकाकांनी सांगूनही कोणी ऐकलं नाही? हसू तिथेच मावळलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भट्टीच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळं गाव जमलं. मगनशेठही आला होता. आबा एका कोपऱ्यात, धोतराचा सोगा सावरून बसलेले. बेबाने पोत्यावर तिन्ही बाटल्या मांडल्या, शेजारी तिन्ही ढिगांतले तुरे ठेवले, आणि जळगावचा कागद उलगडला. तिने वर्गातलं बोलणं बाजूला ठेवलं आणि गावच्या बोलीत, एकेक गोष्ट बोटावर धरून, सगळं सांगितलं. डोंगर दाखवले. शेठच्या हातात कोवळा आणि पिकला तुरा दिला.

"चुरगळून बघा," ती म्हणाली.

शेठने आधी एक चुरगळला, मग दुसरा. वासाचा धंदा त्याच्या बापजाद्यांचा. त्याचा चेहराच सांगून गेला. तो उठला, सरळ आबांपुढे गेला आणि हात जोडले. "आबा, मी बाजारात बोललो. बाजारातच माफी मागेन. वच्छलाबाईचा रोशा काढा, तो माल माझा."

शेडमध्ये एकच गलका झाला. जो तो आपण आधीपासूनच हे म्हणत होतो असं सांगू लागला. ज्यांनी आबांशी बोलणं टाकलं होतं, ते सगळ्यांत मोठ्याने बोलत होते. माणसाची जातच अशी! त्या गलक्यात कोणीतरी विचारलं, "मंग चूक कोनी?"

अभिमनकाका खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागले. जीवरामभाऊ घाईघाईने म्हणाले, "चूक तिथीनी! दुसरी कोनी? चला, झाया खुलासा, उठा."

सगळ्यांनाच ते बरं वाटलं. बेबाने आबांकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी मान वर केली होती, तोंडावर तेज आलं होतं. आता गप्प बसलं तर काय बिघडणार होतं? कोणाचंच काही बिघडणार नव्हतं. तिला आतून रडू फुटत होतं, इतका तो चेहरा तिला तसाच राहायला हवा होता.

"तिथीनी चूक नही, जीवरामभाऊ," ती म्हणाली. "अभिमनकाकांनी सांगेल व्हतं, तुरा कवळा शे, आठ रोज थांबूत. आबासनी ऐकं नही. दसरा थांबस का, म्हने. मीबी हसनू तव्हय. पुढला साल असा हट्ट धरा ते पुन्हा हेच व्हई. तुरा पाहीसनच कापाना, मान कोनाबी ऱ्हावो."

भिकुबाईने बायकांत बसल्या जागी कपाळाला हात लावला. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान, आणि तो चारचौघांत, पोटच्या पोरीने!

आबा उठले. उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागला. सगळ्यांवर नजर फिरवून म्हणाले, "पोर खरं बोलनी. चोर मी नही. पन चूक मन्हीच शे." मग अभिमनकाकांकडे वळून म्हणाले, "अभिमन, पुढला साल इळा तू टाक. तुरा दखीसन टाक."

अभिमनकाका "नही नही" म्हणत होते, पण आबा तोवर शेडच्या बाहेर पडले होते.

बेबा बाटल्या गोळा करून मागोमाग निघाली. पांदीच्या वाटेने बापलेक चालले. आबा पुढे, ती मागे. शेवटी तिच्याने राहवेना.

"आबा, रागे भरनात का मन्हावर?"

आबा थांबले. मागे वळले. डोळे भरलेले होते त्यांचे, पण आवाज नेहमीसारखाच खणखणीत.

"तेलमा भेसळ नव्हती, बेबा. तू चूप बसती ते तुन्हा बोलामा व्हई जाती. मंग ती कोन्ता यंत्रमा दखाडतू मी?"

आबांनी तिच्या हातातली बाटल्यांची पिशवी घेतली आणि म्हणाले, "चाल आते. भूक लागनी माले."